सवाब मुलाला, पाळी सुनेला

आईबापांची खिदमत करणाऱ्या मुलाचं आपल्या मोहल्ल्यात फार कौतुक होतं. त्याच्या घरात जाऊन जरा विचारा: अब्बांचे कपडे कोण बदलतं? रात्री उठून कूस कोण बदलून देतं? उत्तर बहुतेक वेळा सून, अम्मी किंवा लग्न न झालेली बहीण असंच येतं. सवाब मुलाच्या नावावर, मेहनत बाईच्या. या फुकटच्या मेहनतीवर फक्त आपलं घर चालत नाही. विमा कंपन्या आणि सरकारही त्यावरच निवांत आहेत.

माझ्या नानांना अर्धांगवायू झाला, तेव्हा क्लेमचं काम माझ्याकडे आलं. दवाखान्यातल्या नऊ दिवसांचं बिल मिळालं. खरा खर्च घरी आल्यावर सुरू झाला. विमा नियामक आयआरडीएआयची एक यादी आहे, सहसा भरपाई न मिळणाऱ्या गोष्टींची. तिच्यात डायपर आहे, अटेंडंटचा खर्च आहे, दवाखान्याबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडरही आहे. नानांना सांभाळण्यासाठी मामींनी शिवणकाम सोडलं. दीड वर्ष मशीन झाकून राहिलं. त्या बुडालेल्या कमाईसाठी कुठल्याही फॉर्मवर रकाना नव्हता.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. कार्ड जरूर काढा. पण तेही दवाखान्यातल्या उपचारांसाठी आहे, घरातल्या खाटेसाठी नाही. जर्मनीत १९९५ पासून देखभालीचा वेगळा, सक्तीचा विमा आहे. माणसाला किती मदत लागते ते तपासून ५ पैकी एक श्रेणी ठरते, आणि दुसऱ्या श्रेणीपासून पुढे घरचेच सांभाळत असतील तरी दरमहा पैसे मिळतात. जपानने असा विमा २००० साली आणला. तिथे चाळिशीपासून प्रत्येकजण हप्ता भरतो. म्हातारपण हा एकट्या सुनेचा प्रश्न नाही, हे त्या देशांनी कायद्यात लिहिलं. आपणही तीच मागणी करायला हवी.

कुणी म्हणेल, आईबापांची सेवा काय पैशात मोजायची? मोजायलाच हवी. जे मोजलं जात नाही ते वाटूनही घेतलं जात नाही.

मागणी मान्य होईपर्यंत जे हक्काचं आहे ते तरी सोडू नका. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे काम अंगावर घ्यावं. आधारवर 'रुखसाना शेख', पॉलिसीत 'शेख रुकसाना बी' असेल, तर आजारपण यायच्या आधीच दुरुस्त करा. आपल्या घरांतले क्लेम अशा स्पेलिंगवर अडकतात. फिजिओथेरपी लागणार असेल, तर डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडून लिहून घ्या. अनेक पॉलिसींमध्ये दवाखान्यातून सुटल्यानंतरचा ६० किंवा ९० दिवसांचा संबंधित खर्च मिळतो. क्लेम नाकारला, तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

मोहल्ल्यातल्या वाचनालयात किंवा मशिदीच्या आवारात आठवड्यातून एक तास दोघांनी लॅपटॉप घेऊन बसायचं ठरवलं, तरी कितीतरी घरांचे अडकलेले कागद पुढे सरकतील.

आणि एक लक्षात ठेवा, दोस्तांनो: फॉर्म भरला म्हणून रात्रीची पाळी माफ होत नाही.