पिल्लाची भीती आणि माणसाची घाई

घरात आणलेले कुत्र्याचे पिल्लू पहिले काही महिने येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या पायांत लुडबुडत असते. दूधवाला, पोस्टमन, शेजारची मुले या सर्वांचे ते सारख्याच उत्साहाने स्वागत करते. पुढे ते सात-आठ महिन्यांचे होते आणि एके दिवशी दारावरची घंटा वाजताच शेपटी पायांत घालून पलंगाखाली शिरते. काल ज्याचे हात चाटले त्याच माणसावर आज दुरून गुरगुरते. घरच्या मंडळींना या बदलाचा उलगडा होत नाही. कोणी म्हणतो, हा फाजील लाडांचा परिणाम. कोणी म्हणतो, जातच भित्री. तिसरा एखादा कर्तव्यदक्ष गृहस्थ पट्टा हातात घेऊन पिल्लाला पाहुण्यांपुढे ओढत नेतो. पाहुणा काही खात नाही हे एकदा त्याला कळले म्हणजे भीती मोडेल, असा त्याचा युक्तिवाद असतो. सद्‌हेतूने केलेला हा उपचारच बहुधा दुखण्याची मुळे खोलवर नेतो.

प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी एक-तृतीयांशाहून अधिक मृत्यू ज्या देशात होतात, तेथे एका घरातल्या पिल्लाच्या मनःस्थितीचा विचार करीत बसणे हा रिकामपणाचा उद्योग आहे, असे कोणी म्हणेल. परंतु पाळीव कुत्रा चावतो तो पुष्कळदा शौर्यापोटी नव्हे, तर भीतीपोटी. 'भुंकणारे कुत्रे चावत नाही' ही म्हण कोपऱ्यात सापडलेल्या कुत्र्याने मान्य केलेली नाही. आणि कुत्रा चावला की त्याची किंमत मालकापेक्षा इतरांनाच अधिक मोजावी लागते. जिना चढून येणारा गॅसचा सिलिंडरवाला, कुरिअरचा मुलगा, धुणीभांडी करणारी बाई यांना त्या घराचे दार टाळता येत नाही. कुत्रा पाळण्याचे सुख एकाच्या पदरी आणि त्याचा धोका दुसऱ्याच्या माथी, असा हा हिशेब आहे. शेवटी एखाद्या संध्याकाळी त्या कुत्र्याला गाडीत घालून गावाबाहेर सोडून दिले जाते, आणि घराने निर्माण केलेला प्रश्न रस्त्याच्या स्वाधीन होतो.

भीती उपजते कशी?

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वर्तनाचा अनेक वर्षे अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाची जगाशी ओळख होण्याचा असतो, असे त्यांना आढळून आले. त्यापूर्वी, १९६१ मध्ये, फ्रीडमन, किंग आणि इलियट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही पिल्ले उंच कुंपणाच्या आवारात माणसांपासून दूर वाढवण्यात आली. चौदा आठवडे माणसाचा सहवास ज्यांना मुळीच मिळाला नाही, ती पिल्ले पुढे माणसाला पाहून रानातल्या जनावरासारखी पळत. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडील कित्येक घरांत पिल्ले आली. त्यांच्या या मोलाच्या आठवड्यांत दाराशी परका माणूस क्वचितच फिरकला होता. अशा पिल्लांचे मन पुढे गर्दीला बिचकले, तर त्यात नवल नव्हते.

परंतु ज्याचे बालपण माणसांत गेले, असे पिल्लूही वयात येताना काही काळ पुन्हा भित्रे होते, असा पशुवैद्यांचा आणि प्रशिक्षकांचा अनुभव आहे. अशा नाजूक काळात एखादा प्रसंग मनावर कायमचा डाग पाडून जातो. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेला, आज निर्दय वाटणारा प्रयोग या संदर्भात आठवतो. अकरा महिन्यांच्या एका बालकाला पांढऱ्या उंदराचे भय नव्हते. ते उंदराकडे हात नेई तेव्हा मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज केला जाई. थोड्याच वेळा असे घडल्यावर नुसता उंदीर पाहूनही ते रडू लागले. इतकेच नव्हे, तर पुढे ससा आणि केसाळ कोटही त्याला भिववू लागले. ही भीती घालवण्याचा प्रयत्न होण्यापूर्वीच ते मूल तेथून गेले.

दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, हा आपल्याकडचा अनुभव याहून वेगळे काही सांगत नाही. जिन्यावर सिलिंडर दाणकन आदळतो. त्या क्षणी समोर गणवेशातला अनोळखी माणूस उभा असतो. आवाज विरून जातो, माणूस लक्षात राहतो. मग गणवेशातला प्रत्येक माणूस, त्यानंतर प्रत्येक पुरुष आणि अखेरीस दाराची घंटा एवढेच भयाचे कारण होऊन बसते. दिवाळीचे फटाके किंवा मिरवणुकीतला ढोल यांच्यामुळेही असेच घडू शकते.

अर्थात, प्रत्येक आकस्मिक बदलाचे मूळ मनात शोधणे हीही चूक ठरेल. कानातला संसर्ग, सांध्याचे दुखणे, दृष्टीतला दोष यांमुळेही पिल्लू स्पर्शाला भिते. म्हणून पहिली पायरी पशुवैद्याच्या दाराशीच आहे. पिल्लाला रेबीजची लस दिलेली नसेल किंवा दुसरे जनावर त्याला चावले असेल, तर वर्तनातला अचानक बदल ही बाब एक दिवसही लांबणीवर टाकण्याजोगी नाही. माणसाला चावा बसलाच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ रुग्णालय गाठून लस घ्यावी.

धाकाचा उपयोग का होत नाही?

गुरगुरणाऱ्या पिल्लाला चापट मारली की ते गप्प होते, आणि इलाज लागू पडला असा समज होतो. वस्तुतः गुरगुर ही त्याची पूर्वसूचना असते. तिला शिक्षा मिळाली की ते सूचना देणे सोडते. भीती जागच्या जागी राहते. भाववाढीचे आकडे छापणे बंद केले म्हणून महागाई थांबत नाही, तशातलाच हा प्रकार. असा कुत्रा पुढे 'काही न करता एकदम' चावला म्हणून मालक चकित होतात. त्याने आधी पुष्कळ काही केलेले असते. कान पाडले असतात, तोंड फिरवलेले असते, भूक नसता ओठ चाटलेले असतात, झोप नसता जांभई दिलेली असते, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवलेला असतो. ती भाषा वाचण्याचे कष्ट घरात कोणी घेतलेले नसतात.

ओढत नेण्याचा उपायही याच जातीचा. पळायला वाट नाही असे दिसले की पिल्लू कधी कधी निश्चल होते. या गोठून जाण्याला घरातली मंडळी शांतपणा समजतात.

येथे पतपेढीचा दाखला उपयोगी पडेल. तिची पत उभी राहायला वर्षे लागतात आणि ती एका दुपारच्या अफवेने जाऊ शकते. दाराशी रांग लागली असता व्यवस्थापकाने दार लावून घेतले तर रांग दुप्पट होते. याउलट, मागेल त्याला त्याचे पैसे तत्काळ मिळत आहेत असे दिसले की रांग आपोआप ओसरते. कारण हवे तेव्हा पैसे मिळतील अशी ज्याची खात्री असते, त्याला ते आजच काढण्याची निकड नसते. भ्यालेल्या पिल्लाचे गणित नेमके हेच आहे. हवे तेव्हा माघार घेता येईल अशी त्याला खात्री झाली, तर पळण्याची वा चावण्याची त्याला गरज उरत नाही. पट्ट्याला धरून पुढे ओढणारा मालक त्याची हीच ठेव गोठवीत असतो.

अंतर, क्रम आणि सबुरी

वॉटसनच्या प्रयोगाला उत्तर म्हणता येईल असे काम मेरी कव्हर जोन्स या विदुषीने १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. पीटर नावाने ओळखला जाणारा सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरत असे. तो आवडीचे पदार्थ खात असताना पिंजऱ्यातला ससा त्याला त्रास होणार नाही इतक्या अंतरावर ठेवण्यात आला आणि हे अंतर हळूहळू कमी करण्यात आले. अखेरीस तो सशाशी खेळू लागला. कुत्र्यांच्या बाबतीत आज जी रीत सांगितली जाते, तिचे बीज येथे आहे.

परका माणूस किती अंतरावर असता पिल्लू त्याला पाहूनही निश्चिंतपणे खाऊ शकते, हे आधी ठरवावे. ते तीस फूट असेल तर तीस फुटांपासूनच आरंभ करावा. माणूस दिसला की लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीचा लहानसा तुकडा द्यावा. माणूस दृष्टिआड झाला की तुकडे बंद. येथे क्रमाला महत्त्व आहे. आधी माणूस आणि मग खाऊ, असेच घडले पाहिजे. उलट झाले तर पिल्लू खाऊलाच संकटाची वर्दी समजू लागेल. रोज पाच-दहा मिनिटे पुरेत. पिल्लू खाईनासे झाले तर ते त्याचे हट्ट करणे नसून अंतर फार कमी झाल्याची खूण असते. निमूटपणे मागे यावे.

पाहुण्यांनाही थोडी शिस्त पाळावी लागते. 'मला कुत्रे फार आवडतात' असे म्हणत डोक्यावर हात फिरवायला धावणारा पाहुणा सर्वांत घातक. त्याने बाजूला तोंड करून बसावे, डोळ्यांत रोखून पाहू नये, हात पुढे करू नये. तुकडा टाकायचाच तर पिल्लाच्या पलीकडे टाकावा, म्हणजे खाण्यासाठी त्याला दूर जाता येईल. पिल्लासाठी आतल्या खोलीत एक कोपरा राखून ठेवावा आणि तेथे कोणीही त्याच्या मागे जाऊ नये. लहान मुले आणि भ्यालेले पिल्लू यांना एकत्र सोडू नये. भ्यालेल्या पिल्लाला जवळ घेतल्याने भीती वाढते, हा समज मात्र निराधार आहे. ते आपण होऊन जवळ आले तर त्याला खुशाल आधार द्यावा. भीती फारच तीव्र असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने औषधांचीही जोड देता येते.

नामदेव तुपाची वाटी घेऊन भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे धावले, ही कथा मराठी मनात करुणेची खूण म्हणून रुजलेली आहे. त्या करुणेला तोड नाही. पण भ्यालेल्या कुत्र्याला मागे धावणाऱ्याच्या हातातली वाटी दिसत नाही, धावणाराच दिसतो. त्याच्या बाबतीत वाटी खाली ठेवून दूर बसणे हीच करुणा होय.

या रीतीला आठवडे लागतात, क्वचित महिने लागतात. आणि इतके करूनही काही कुत्री सर्वांशी मैत्री करीत नाहीत. तसा हट्टही धरू नये. परक्या माणसाला पाहून कुत्रा शांतपणे आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला, तरी उद्दिष्ट साध्य झाले. ज्यांना एवढा वेळ देणे शक्य नाही, त्यांनी पिल्लू आणण्यापूर्वीच हा हिशेब मांडलेला बरा.

कारण कायद्याचा धाक येथे नाममात्र आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला वाऱ्यावर सोडणे, आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हे गुन्हे ठरवले आणि पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड नेमला. १९६० चे पन्नास रुपये म्हणजे लक्षणीय रक्कम होती. नंतरच्या महागाईने त्या दंडाची धार बोथट करून टाकली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदवले खरे. परंतु कर्तव्याची अंमलबजावणी न्यायालयात होण्यापेक्षा घरातल्या पलंगाशेजारीच व्हावी लागते. तेथे एक भ्यालेले पिल्लू अंधारात बसलेले असते. त्याला बाहेर ओढण्यासाठी हात घालायचा की दोन पावले मागे सरून त्याच्या येण्याची वाट पाहायची, एवढेच घरच्यांनी ठरवायचे असते. उद्या जिना चढून येणाऱ्या सिलिंडरवाल्याची सुरक्षितता त्या निर्णयावर अवलंबून आहे.