बुरशीचा रंग आणि पंचगंगेचे पाणी

विनयपिटकातील महावग्गात चीवराच्या रंगाविषयी एक साधा प्रसंग आहे. भिक्षू शेणाने आणि पिवळ्या मातीने चीवर रंगवीत. ते बदरंग दिसे. तेव्हा तथागतांनी मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ यांपासूनच्या सहा रंगांना अनुज्ञा दिली. रंग नीट शिजला की नाही, हे पाण्यात किंवा नखावर थेंब टाकून पाहावे, असेही तेथे सांगितले आहे. या सहांत बुरशी नाही. आज मात्र कापडाच्या रंगाचा विचार करताना तिचे नाव घ्यावे लागते, आणि कोल्हापूर जिल्ह्याने तर ते अवश्य घ्यावे.

१८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने क्विनीन बनवू पाहताना दगडी कोळशाच्या डांबरातील द्रव्यापासून जांभळा रंग मिळवला, आणि वनस्पतींच्या रंगांचे युग मावळत गेले. १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला. या गावास महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणण्यात आपणास भूषण वाटते. ते खोटे नाही. हजारो घरांची चूल त्यावर पेटते. परंतु सुती कापड रंगवताना रंगाचा काही भाग धाग्याला धरतच नाही. तो मीठ आणि सोडा यांसह सांडपाण्यात उतरतो. उन्हाने आणि धुण्याने विटू नये म्हणून घडवलेला हा रंग नदीतही सहजासहजी विघटित होत नाही. कापडावरचा गुण पाण्यात दोष ठरतो. पंचगंगेच्या दुर्दशेचा सारा भार रंगावर टाकणे अन्यायाचे होईल. शहरांचे मैलापाणी आणि कारखान्यांची सांडपाणीही तिच्यातच येतात. पण खाली शिरोळ तालुक्यात जे पाणी पोहोचते, त्यात आपल्या कपड्यांचाही वाटा असतो. ज्या समाजाने १९२७ साली महाडला पाण्यावरील हक्कासाठी सत्याग्रह केला, त्याच्या मुलांनी ते पाणी पिण्याजोगे आहे काय, हा प्रश्नही हक्काचाच मानावा.

बुरशी म्हटली की आपणांस शिळी भाकरी आठवते. चीनमध्ये मात्र मोनॅस्कस नावाची बुरशी तांदळावर वाढवून शतकानुशतके लाल रंग मिळवला जातो. आपल्या मसाल्यातील दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचे सहजीवन; त्याच्याच जातकुळीतील काही दगडफुलांपासून युरोपात जांभळा रंग होत असे आणि प्रयोगशाळेतला लिटमसही. बुरशीला शेतजमीन लागत नाही, ऋतूची वाट पाहावी लागत नाही. टाकीत, साखरेच्या अंशावर ती वाढते. उसाच्या जिल्ह्यात मळी दुर्मीळ नाही. (मळीला मद्यार्काचे गिऱ्हाईक आधीच आहे, हे मात्र हिशेबात धरावे.)

तरीही नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा भाबडेपणा आम्हांस मान्य नाही. त्याच मोनॅस्कसच्या काही वाणांतून सिट्रिनिन हे मूत्रपिंडास घातक विष निर्माण होते. शिवाय असे बरेच रंग सुतावर नीट बसत नाहीत. ते बसवण्यासाठी तुरटी वापरली तर ठीक. तांब्याचे किंवा क्रोमियमचे क्षार वापरले, तर नदीच्या दृष्टीने आपण होतो तेथेच राहिलो.

म्हणून आमच्या मते आरंभ गिरणीच्या सुतापासून करू नये, लोकरीपासून करावा. लोकर प्रथिनाची असते आणि हे रंग ती सुतापेक्षा चांगले धरते. पट्टणकोडोलीची घोंगडी आजवर मेंढीच्या अंगच्या रंगावरच शोभत आली. तिच्या काठासाठी एखादा बुरशीचा तांबडा रंग घोंगडी विणणाऱ्यांच्या सल्ल्याने करून पाहावा. तो विटला तरी नुकसान थोडे, आणि टिकला तर विणणाऱ्याच्या हाती चार पैसे अधिक.

बुरशीचे दुसरे काम याहून निकडीचे आहे. कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या काही बुरशींची विकरे कृत्रिम रंगांचे रेणू तोडतात. शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवांकडून रंगांचे विघटन करण्यावर वर्षानुवर्षे संशोधन झाले आहे. ते प्रबंधांच्या कपाटातून प्रोसेसच्या सांडपाण्यापर्यंत आणण्यास पैसा आणि इच्छा लागेल, आणि ती जबाबदारी उद्योगाने व शासनाने वाटून घ्यावी. पर्यायी रंग येईपर्यंत नदीने थांबावे, ही सबब चालणार नाही. उद्या बुरशीचा रंग बाजारात आला, तरी त्याच्या हौदातून बाहेर पडणारे पाणी तपासलेच पाहिजे, आणि त्या तपासणीचा अहवाल नदीकाठच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर दरमहा मराठीत लागला पाहिजे.