पिकल्या पानाचा लाल रंग

चेन्नईत कसली आलीय पानगळ, असे कुणीही म्हणेल. जानेवारीतही तेथे रात्रीचा पारा विसाच्या आसपास असतो, स्वेटर कपाटाबाहेर निघत नाही. तरीही जानेवारी-फेब्रुवारीत टी. नगरच्या एखाद्या गल्लीत मान वर करून पाहा. आवारातल्या देशी बदामाची तळहाताहून मोठी पाने पिवळी, केशरी आणि मग लालभडक झालेली दिसतील. खाली तशाच पानांचा सडा पडलेला असतो.

महाराष्ट्रातून नव्याने तेथे राहायला गेलेल्या घरात हे पाहून दोन प्रश्न उभे राहतात. झाडाला रोग तर लागला नाही ना? आणि हा रोजचा कचरा कोण काढणार? दोन्ही प्रश्नांवर शेजारीपाजारी एकच उपाय सुचवतात, ‘तोडून टाका!’ पण कुऱ्हाड मागवण्यापूर्वी झाडाचा हा व्यवहार समजून घेऊ या.

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे येतो. सूर्यप्रकाश पकडून अन्न तयार करण्याच्या कामी ते लागते. झाड ते सतत मोडते आणि नव्याने बनवते. पान म्हातारे झाले की नवे बनवणे थांबते आणि हिरवा रंग ओसरू लागतो. त्याच्याआड आधीपासून असलेली पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड द्रव्ये मग दिसू लागतात. गाजराला आणि मक्याच्या दाण्याला रंग देणारी द्रव्ये याच कुटुंबातली.

लाल रंगाचे मात्र वेगळे आहे. तो पानात आधी लपलेला नसतो. जाता जाता पान तो मुद्दाम तयार करते. या द्रव्याचे नाव अँथोसायनिन. जांभळाचा रंगही त्याच्याचमुळे. मरायला टेकलेल्या पानाने हा खर्च का करावा? शास्त्रज्ञांचे याबाबत एकमत नाही. एक मत असे, की हा रंग पानाला छत्रीसारखा उपयोगी पडतो. पान गळण्यापूर्वी झाड त्यातली प्रथिने मोडून नायट्रोजन आणि फॉस्फरस फांदीत परत ओढून घेते. बऱ्याच झाडांत निम्मा नायट्रोजन असा परत मिळतो. ही आवराआवर चालू असताना प्रखर उन्हाने पान होरपळू नये म्हणून हा लाल पडदा. दुसरे मत, हा रंग म्हणजे किडींना दिलेला इशारा.

माल परत मिळाला, की देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर फाटतो आणि पान अलगद सुटते. फांदीवरची जखम झाड आधीच बुजवत आणते.

थंड देशांत या साऱ्याची सूचना लहान होत जाणाऱ्या दिवसांकडून आणि थंडीकडून मिळते. लंडनमध्ये उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला दिवस यांत आठ तासांहून अधिक फरक पडतो, चेन्नईत जेमतेम दीड तासाचा. आपल्याकडच्या बहुतेक पानगळीमागे पाण्याचा हिशेब असतो. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. तो संपला, की कोरडे दिवस सुरू होतात. पानांतून सतत पाणी उडून जाते, म्हणून जुनी पाने टाकून झाड खर्च कमी करते. आपला साग आणि पळस हेच करतात. देशी बदाम तर पुष्कळ ठिकाणी वर्षातून दोनदा पाने टाकतो.

रोग ओळखायचा कसा? जुनी पाने सारखी रंगत जाऊन गळत असतील आणि फांदीच्या टोकाला कोवळे कोंब असतील, तर झाड ठणठणीत आहे. कोवळी पानेच कोमेजत असतील, डाग पडत असतील किंवा एकच फांदी वाळत असेल, तर जाणकाराला दाखवावे.

टी. नगर 1920च्या दशकात तलावाचा भाग बुजवून वसवले गेले. आज ती दुकानांची आणि गर्दीची वस्ती आहे. 12 डिसेंबर 2016च्या वरदा चक्रीवादळाने चेन्नईतली हजारो झाडे एका दिवसात आडवी केली. अशा शहरात उभे राहिलेले झाड केवळ झाडू मारण्याच्या कंटाळ्यापायी तोडणे फार महागात पडते. एप्रिल-मे मध्ये त्याच बदामाची रुंद, आडवी सावली दारात हवीशी वाटते.

आणि पाने जाळू नका. उघड्यावर कचरा जाळण्याला 2016च्या घनकचरा नियमांनी मनाई केलीच, शिवाय धूर सगळ्या घराच्या छातीत जातो. झाडाने नायट्रोजन परत घेतला, तरी कॅल्शियम पानातच राहते. कोपऱ्यात ढीग करा, अधूनमधून पाणी आणि थोडे शेण किंवा माती टाका. काही महिन्यांत कुंड्यांपुरते खत घरच्या घरी मिळेल. रंगीत मासे पाळणारे तर ही वाळकी पाने टाकीत टाकायला विकत घेतात. आपल्या दारात ती फुकट पडतात.