चार रट्ट्यांचा कबुलीजबाब



विहिरीवरची मोटार गेली, केबल कापून नेली, खळ्यावरची ज्वारीची पोती रातोरात उचलली, की गावात पहिला शब्द काय निघतो? "उचला त्याला. चार रट्टे दिले की पोपटासारखा बोलेल." हे वाक्य नांदेड-लातूरच्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळते. संशयितही बहुधा ठरलेलाच असतो. माळावर पाल टाकलेला पारधी, नाहीतर बाहेरगावचा सालगडी. माझे म्हणणे असे की हे वाक्य चोराच्या फायद्याचे आणि आपल्या तोट्याचे आहे.

कपाशीचे पान लाल पडले की दुकानदार कीटकनाशकाची बाटली हातात देतो. लाल्या पुष्कळदा मॅग्नेशियम आणि नत्राच्या कमतरतेने येतो. फवारणी होते, पैसे जातात, पान लालच राहते. मारहाणीच्या कबुलीचेही तसेच. मार खाणारा माणूस खरे बोलत नाही, मार थांबेल ते बोलतो. कागद पुरा होतो, खरा चोर मोकळा राहतो आणि पुढच्या अमावास्येला दुसऱ्याची मोटार नेतो.

हे इंग्रजालाही कळले होते. 1855 साली मद्रास इलाख्यात छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने अहवाल दिला. छळ कोणाचा होत होता? चोरांचा होताच, पण सारा न भरणाऱ्या रयतेचाही. माणसाला वाकवून दोरीने बांधायचे, उन्हात ठेवायचे आणि वसुली करायची. वसुलीचा आणि कबुलीचा दंडुका एकच होता. पुढे 1861 साली कायदा आला आणि 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात तो पक्का झाला: पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 23 मध्ये हाच नियम कायम आहे.

मग पोलीस कबुलीसाठी एवढे का झटतात? त्या कलमात एक फट आहे. आरोपी म्हणाला, "मोटार तुरीच्या शेतात पुरली आहे, दाखवतो," आणि मोटार खरोखर तिथे सापडली, तर सापडण्याशी जोडलेले तेवढेच वाक्य पुराव्यात घेता येते. त्यासाठी पंचनामा लागतो, आणि पंच कोण? आपणच! ठाण्यात बसवून कोऱ्या कागदावर सही घेतली जाते, आणि साहेब नाराज नकोत म्हणून आपण ती देतो. पीक बुडाल्यावर तलाठ्याने घरी बसून पंचनामा केला तर आपण तहसीलवर मोर्चा नेतो. मग माणसाच्या जन्माच्या पंचनाम्यावर न वाचता सही कशी करतो? नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे आहे. पंचाने ते विचारावे, आणि डोळ्यांनी पाहिले तेवढ्यावरच सही करावी.

चुकीचा माणूस धरला की काय होते, त्याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. 2003 साली नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेत राहणाऱ्या मजूर कुटुंबावर दरोडा पडला, खून आणि बलात्कार झाले. वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळेच गुन्हेगार ओळखले होते. त्यांचा तपास झाला नाही. भटक्या जमातींचे सहा गरीब मजूर धरले गेले, आणि 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला सांगितले. तोवर सोळा वर्षे गेली होती. आणि ज्या कुटुंबाची माणसे मेली, त्याला कोणता न्याय मिळाला?

मुंबईच्या 2006 च्या रेल्वे स्फोटांचा खटला तसाच. त्यात मोक्का लावला होता. त्या कायद्यात अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व 12 आरोपींना सोडले. कबुल्या विश्वासार्ह नाहीत, त्या छळाने घेतल्याचे दिसते, असे न्यायालय म्हणाले. राज्य सरकार अपिलात गेले. सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत वापरायला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. एवढी माणसे मेली, त्यांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनी हे ऐकावे लागले.

कोणी म्हणेल, हे दूरचे झाले, आपण कुठे दरोडेखोर? मग परभणीकडे बघा. डिसेंबर 2024 मध्ये तिथे संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर आंदोलन झाले आणि धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी त्यात होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि 15 डिसेंबरला मृत्यू. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचे कारण आले. सरकारने विधानसभेत मारहाण झाली नाही असे सांगितले होते. जुलै 2025 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. आंदोलनात धरला गेलेला माणूस होता तो. रास्ता रोकोत आपली पोरे धरली जातात तेव्हा त्यांना त्याच गाडीत घालतात. पारध्याला चार रट्टे देणारा हात आपल्या पोराच्या पाठीवर पडताना थांबणार नाही.

पोलिसांची अडचण खोटी नाही. माणसे कमी, गावे फार, वरून तपास लावा असा रेटा. पण उपायही आहेत. इंग्लंडात खोट्या कबुल्यांनी निरपराध लोक वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले. तिथे 1984 च्या कायद्यानंतर ठाण्यातली चौकशी टेपवर घेणे सुरू झाले, आणि 1990 च्या दशकात कबुली काढण्याऐवजी माहिती गोळा करण्याचे शिक्षण पोलिसांना दिले गेले. आपल्याकडे 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण 18 महिने ठेवायला सांगितले. तुमच्या ठाण्यातला कॅमेरा चालू आहे का, हे कधी विचारले?

आता एवढे पाठ करा.

साक्षीसाठी बोलावले तर लेखी बोलावणे मागा. बाई, 15 वर्षांखालचा मुलगा, 60 वर्षांवरचा पुरुष, अपंग किंवा फार आजारी माणूस यांचा जबाब ते राहतात तिथेच घ्यायचा आहे. पोलिसाने लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. नाव-पत्ता खरा सांगा, पण स्वतःला गुन्ह्यात अडकवेल अशा प्रश्नाचे उत्तर द्यायची सक्ती नाही. 1978 साली नंदिनी सत्पथी खटल्यात हे स्पष्ट झाले. "तुझा जोडीदार कबूल झाला", "सही कर, सोडतो" ही चौकशीतली जुनी आमिषे आहेत. नार्को चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, असा 2010 चा निकाल आहे.

अटक झाली तर कारण आपल्या भाषेत लेखी मिळाले पाहिजे, आणि घरच्या माणसाला कळवले पाहिजे. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येते. वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. मार बसला असेल तर तिथेच तोंडाने सांगा, अंगावरचे वळ दाखवा. कबुलीसाठी मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 चा गुन्हा आहे, 7 वर्षांपर्यंत शिक्षेचा. गंभीर दुखापत असेल तर 10. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

पण कोठडीतल्या माणसाला हे सगळे एकट्याने जमत नाही. बाहेर कोणी विचारणारा लागतो. म्हणून या बैठकीत ठराव व्हावा. प्रत्येक गावातून दोन माणसे ठरवा. गावातला कोणीही उचलला गेला, तो आपल्या जातीचा असो वा पालावरचा, तर दोघांनी तासाभरात ठाण्यात जावे, नेल्याची वेळ वहीत लिहावी आणि अटकेचा कागद मागावा. आणि कोऱ्या पंचनाम्यावर आपल्या गावची सही यापुढे मिळणार नाही, हे ठाणेदाराला सर्वांनी मिळून जाऊन सांगावे.