सुतक आणि सिनेमा

घरात कोणी गेले की वर्षभर सिनेमाला जाऊ नये, असा आपल्याकडे दंडक आहे. लग्नकार्य नाही, मुंज नाही, दिवाळीला आकाशकंदील नाही, आणि त्याच रांगेत सिनेमाही बसवलेला. दंडक घालणाऱ्यांचे म्हणणे सरळ असते: सिनेमा ही करमणूक, आणि दुखवट्यात करमणूक कसली? सरकारचेही मत फारसे वेगळे नव्हते. २०१७ साली वस्तू व सेवा कर येईपर्यंत तिकिटावरच्या कराचे नावच मुळी ‘करमणूक कर’ होते. मला हे वर्गीकरण मान्य नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेले वर्ष आमच्या घराला जड गेले. २०२४ च्या पावसाळ्यात वडील आजारी पडले आणि जानेवारी २०२५ मध्ये गेले. मधल्या महिन्यांचे वर्णन करीत बसत नाही. एवढेच सांगतो, की ज्याला महिन्याला चार सिनेमे लागत अशा मी त्या काळात एकही पाहिला नाही. वेळ नव्हता हे खरेच. पण पडद्यावर कोणी नुसते खोकले तरी छातीत धस्स होई, हे त्याहून खरे.

मग मार्च उजाडला आणि ऑस्करचा सोहळा आला. अमेरिकेत २ मार्चची संध्याकाळ, आपल्याकडे ३ तारखेची पहाट, साडेपाचची वेळ. पहाटे उठण्याची सवय इस्पितळाने लावलेलीच होती. आवाज बारीक करून टी.व्ही.पुढे बसलो. सूत्रसंचालक कोनन ओब्रायन मोडक्यातोडक्या हिंदीत भारतीय प्रेक्षकांच्या न्याहारीची वास्तपुस्त करीत होता. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, त्यांनी टी.व्ही.कडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अरे, अजून दोन महिने नाही झाले रे!” मी गप्प राहिलो. आतून आईच म्हणाली, “बघू दे हो वहिनी त्याला.”

पुरस्कारांना नाके मुरडणारे आमच्या कट्ट्यावर पुष्कळ आहेत. ऑस्कर म्हणजे जाहिरातबाजी, वशिला, पैसा! त्यात तथ्य नाही असे नाही. २००४ साली ‘श्वास’ भारतातर्फे ऑस्करला गेला तेव्हा तिकडच्या प्रचारासाठी निधी गोळा करावा लागला होता, हे आपल्याला ठाऊक आहे. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ने मे २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळवले, आपण ऑस्करला पाठवला ‘लापता लेडीज’, आणि तो पहिल्या पंधरांतही आला नाही. (दोन्ही चित्रपटांत आपल्या छाया कदम आहेत. कोणताही पाठवला असता तरी त्या गेल्याच असत्या!) तरीही वर्षभर जगाबाहेर राहिलेल्या माणसाला पुरस्कारांची यादी फार उपयोगी पडते. आपण नव्हतो तेव्हा काय काय घडले याची ती थकबाकीची वही असते.

त्या वहीत मला ‘फ्लो’ सापडला. लाटव्हियासारख्या चिमुकल्या देशाला पहिले ऑस्कर मिळवून देणारा हा अॅनिमेशनपट. पुरात सापडलेले एक मांजर, आणि संवाद एकही नाही. आईला भाषेची अडचण आली नाही. पण मी खरा थांबलो तो ब्राझीलच्या ‘आय ॲम स्टिल हिअर’पाशी. त्या देशालाही ऑस्कर पहिलेच. १९७१ साली लष्करी राजवटीचे लोक एका घरातल्या वडिलांना घेऊन जातात. ते परत येत नाहीत. आई युनिस पाच मुलांना वाढवते, पुढे वकील होते. छायाचित्र काढायला आलेल्यांना कुटुंबाचे चेहरे गंभीर हवे असतात. ती मुलांना सांगते, हसा. हा प्रसंग पाहिला आणि मी चित्रपट थांबवून अंगणात जाऊन उभा राहिलो. याला कोणी करमणूक म्हणत असेल तर त्याने खुशाल कर लावावा.

आपल्या मागच्या पिढ्यांनाही हे कळत होते. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. तो चित्रपट बायाबापड्या पदर डोळ्यांना लावून पाहत. त्या काय मन रमवायला जात होत्या?

आता ‘साबर बोंडं’विषयी. रोहन कानवडे यांच्या या मराठी चित्रपटाला सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले ते जानेवारी २०२५ मध्ये. आमच्याकडे दिवसकार्य झाले तोच महिना. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद गावी जातो, दहा दिवस सुतक पाळतो, नातेवाईक लग्नाचा लकडा लावतात, आणि बालपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे. सप्टेंबरात तो प्रदर्शित झाला. आमच्या तालुक्याच्या गावी लागला नाही, तेव्हा आईला म्हटले, पुण्याला चल. तिने आढेवेढे घेतले नाहीत. घरातून अशी बाहेर पडण्याची तिची ती पहिलीच वेळ.

चित्रपटभर ती काही बोलली नाही. एस.टी. शहराबाहेर पडल्यावर म्हणाली, “दहा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. तेराव्यानंतर कोणी आलं नाही रे.” मग वडिलांविषयी बोलत राहिली, आमचा फाटा येईपर्यंत. जानेवारीपासून ती त्यांच्याविषयी असे एकदाही बोलली नव्हती. उतरताना तिने विचारले, “त्या दोघा पोरांचं पुढं बरं होईल ना?”

माझी तक्रार पुरस्कारांविषयी नाहीच. तक्रार आहे ती पुरस्कार आणि आमचा तालुका यांच्यामधल्या अंतराविषयी. बर्फात भरणाऱ्या अमेरिकेतल्या महोत्सवाला जो मराठी चित्रपट पाहता येतो, तो मराठी गावातल्या माणसाला पाहायचा तर एस.टी.चे दोघांचे जाता-येताचे भाडे, वर शहरातले तिकीट. आमच्या आईला मी नेले. काकूंना कोण नेणार? त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली आहेत.

आपल्या महाविद्यालयाचे सभागृह स्नेहसंमेलनाचे चार दिवस आणि परीक्षा सोडल्या तर कुलूपबंद असते. पडदा आहे, प्रक्षेपक आहे, पंखेही बरे आहेत. रीतसर परवानगी आणि शुल्क भरून महिन्यातून एका शनिवारी एक चित्रपट दाखवता येईल, आणि तो गावालाही खुला ठेवता येईल. सुरुवातीला सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ घ्यावा. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आहे आणि त्याला कोणाची हरकत असणार नाही. ‘साबर बोंडं’ला कदाचित असेल, तो दुसऱ्या महिन्यात घ्यावा. तसा अर्ज मी मराठी विभागाकडे दिला आहे. त्यावर सतरा सह्या आहेत, आणखी चालतील.