भिंतीबाहेर नियम, भिंतीआत कानठळ्या

गणपती आणि दहीहंडीच्या आगेमागे महाराष्ट्रात दरवर्षी डीजेच्या आवाजावर चर्चा झडते. ती व्हायलाच हवी. पण तिच्यातून एक जागा कायम निसटते, ती म्हणजे छताखालचे मोठे स्टेडियम. वरळीचे सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियम, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘डोम’, हे मुंबईतले ओळखीचे उदाहरण. तिथे कबड्डीचे सामने रंगतात आणि गाण्यांचे मोठे कार्यक्रमही होतात. अशा बहुउपयोगी वास्तू शहरांना हव्याच आहेत. प्रश्न एवढाच, की तिथे जमणाऱ्या हजारो लोकांच्या कानांची काळजी कोणी घ्यायची?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. मात्र बंदिस्त सभागृहांना त्यातून सूट आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवरचा आवाज त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये, असेही नियम सांगतात. म्हणजे आवाज मोजायचा तो हद्दीवर. शेजारच्या इमारतीत झोपलेल्या माणसाला संरक्षण आहे, ते योग्यच. तिकीट काढून आत बसलेल्या माणसासाठी मात्र या नियमांत एकही आकडा नाही.

आवाजाचे गणित फसवे असते. डेसिबल तीनने वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो. १०० डेसिबलला हीच मुदत जेमतेम २० मिनिटांवर येते. गाण्याचा कार्यक्रम चालतो दोन-तीन तास. अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कार्यक्रमानंतर कानाला दडे बसणे किंवा कानात शिट्टी वाजत राहणे हे त्या पेशी थकल्याचे लक्षण. सकाळपर्यंत बरे वाटते, म्हणून माणूस विसरतो. पण असे वारंवार झाले तर नुकसान साचत जाते.

बंदिस्त वास्तूत हा धोका वाढतो. मोकळ्या मैदानात आवाज दूर निघून जातो. डोममध्ये तो काँक्रीट आणि पत्र्यावर आपटून परत येतो. शब्द एकमेकांत मिसळतात, स्पष्ट ऐकू यावेत म्हणून आवाज आणखी चढवला जातो आणि प्रेक्षकही त्यावर ओरडतात. खेळाच्या सामन्याला तर स्पीकरचीही गरज नसते. अमेरिकेतील कॅन्सास विद्यापीठाच्या बंदिस्त बास्केटबॉल स्टेडियममध्ये २०१७ साली नुसत्या प्रेक्षकांच्या गजराने १३०.४ डेसिबलचा विक्रम नोंदवला गेला. वास्तूचा हा दोष सुधारता येतो. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ मध्ये उघडला तेव्हापासून प्रतिध्वनीसाठी बदनाम होता. १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्या आणि तो बराच आटोक्यात आला.

आवाज हीच तर मजा, असा आक्षेप यावर घेतला जाईल. पण मागणी कुजबुजीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी मानक जाहीर केले. १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत, आवाजाची सतत मोजणी, चांगली ध्वनिरचना, प्रेक्षकांना इअरप्लग, विसाव्यासाठी शांत जागा आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, अशा सहा गोष्टी त्यात आहेत. १०० डेसिबल म्हणजे काही कमी आवाज नव्हे. फ्रान्सने कायद्यानेच १०२ डेसिबलची मर्यादा घातली आहे. स्वित्झर्लंडमध्ये आवाज ९३ डेसिबलपुढे जाणार असेल तर आयोजकांना इअरप्लग मोफत द्यावे लागतात.

इअरप्लगचा उपयोगही तपासलेला आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका संगीत महोत्सवात झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इअरप्लग घातलेल्या कानांपैकी ८ टक्के कानांची श्रवणशक्ती तात्पुरती घटली. न घातलेल्यांत हे प्रमाण ४२ टक्के होते. तो महोत्सव मोकळ्या जागेतला होता, हेही ध्यानात घ्यावे.

ज्याला त्रास होईल त्याने जाऊ नये, हा युक्तिवादही टिकत नाही. आत किती आवाज आहे हे प्रेक्षकाला कळतच नाही, तर तो निवड कशाची करणार? बाबांच्या खांद्यावर बसून सामना पाहणारे पोर तर निवड करतच नाही. आणि दारावरचा सुरक्षारक्षक, पाण्याच्या बाटल्या विकणारा मुलगा, खुर्च्या लावणारे कामगार यांच्यासाठी ती एक संध्याकाळ नसते, रोजची नोकरी असते.

कार्यक्रमाला परवानगी देताना आग लागली तर बाहेर पडायचे दरवाजे तपासले जातात. त्याच अर्जात आणखी तीन अटी घालणे अवघड नाही : आत सर्वांना दिसेल असा डेसिबलचा फलक, १०० डेसिबलची सरासरी मर्यादा आणि दारावर मोफत इअरप्लग. मोठ्या कार्यक्रमाच्या एकूण खर्चात हा खर्च किरकोळ आहे. तोवर प्रेक्षकांनी स्पीकरपासून लांबची जागा धरावी, मध्ये थोडा वेळ बाहेर यावे, मुलांना कान झाकणारे इअरमफ घालावेत आणि दडे दुसऱ्या दिवशीही सुटले नाहीत तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. पण ही खबरदारी झाली. मर्यादा ठरवणे हे काम परवाना देणाऱ्यांचेच आहे.