कानडी आली म्हणून मराठी जाते काय?

दसरा-दिवाळी आली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, पाटोदा, वडवणी भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, तर काही थेट कर्नाटकात, बेळगाव-बागलकोटकडे जातात. लेकरंही सोबत असतात. तिथल्या मुलांशी खेळता खेळता ती कानडी उचलतात. पाण्याला ‘नीरु’ म्हणतात, ‘ओंदु, एरडु, मूरु’ असे मोजतात. गावी परतल्यावर लोक हसतात आणि आईबापांना वाटते, पोरगं दोन्हीकडून गेलं!

ही भीती खोटी आहे, असे आम्ही ठामपणे सांगतो. लहान मूल दोन भाषा सहज पेलते. सुरुवातीला एका वाक्यात दोन्हींचे शब्द येतात. पण कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे ते लवकरच ओळखते. अण्णा, अक्का हे शब्द तर कानडीतही आहेत आणि आपल्या घरातही. डॉ. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत काढला आणि लंडन विद्यापीठाचा प्रबंध इंग्रजीत लिहिला. एका भाषेमुळे दुसरी अडली नाही.

खरे नुकसान वेगळेच आहे. बोलणे कानाने येते, पण वाचणे-लिहिणे शिकवल्याशिवाय येत नाही. पाच-सहा महिने शाळा सुटली की मराठी वाचन मोडते. कानडीची लिपी वेगळी, ती कोणी शिकवत नाही. मग मूल दोन भाषा बोलते, पण वाचता एकही येत नाही. अशा मुलाला ‘ढ’ ठरवून मागे बसवतात आणि पुढे त्याच्याच हाती कोयता येतो.

म्हणून टोळी निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, ते विचारा. आजी-आजोबांजवळ मूल ठेवता आले तर ठेवा. सोबत न्यायचेच असेल तर मराठीचे पुस्तक आणि पाटी गाठोड्यात घ्या. बेळगाव भागात मराठी शाळाही आहेत. जवळ कोणती आहे, याची चौकशी करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो. टोळीतल्या शिकलेल्या तरुणाने रोज रात्री अर्धा तास मुलांना वाचायला बसवावे. आईबापांनी कोपीवर आपल्याच बोलीत गोष्टी सांगाव्यात.

आणि लेकरू कानडी बोलले तर हसू नका. बाजारात, दवाखान्यात तेच तुमचा दुभाषा असते.

जयभीम!